चूल, सिलिंडर की छपरावरचे ऊन? निवडीच्या गणिताची शिकवणी

एप्रिल २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला आणि तिथले पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. मुंबई-गोवा महामार्गावर, तेरेखोल नदीच्या काठी वसलेले बांदा हे महाराष्ट्राच्या टोकाचे बाजारपेठेचे गाव. पत्रादेवीची हद्द तिथून अगदी जवळ. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक गाडीवाल्यापुढे तेव्हा एकच प्रश्न होता: टाकी कुठे भरायची? नोकरीसाठी रोज पेडणे-म्हापसा गाठणाऱ्या बांद्याच्या तरुणाला विचार करण्याची गरजच नव्हती. सावंतवाडीकराला जाण्यायेण्यात जळणारे पेट्रोल आणि मोडणारा वेळ जमेस धरावा लागे. कणकवलीहून मुद्दाम तेवढ्यासाठी यावे, असा काही तो फायदा नव्हता.

हा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण मनात प्रत्येक जण करतो. असे हजारो निर्णय एकत्र करून पाहिले, की ते घेणाऱ्यांच्या मनातली वजने उलगडू लागतात: दहा रुपये वाचवण्यासाठी माणूस किती वेळ घालवायला तयार होतो, कोणाचा वेळ त्याला स्वतःला महाग वाटतो, कोणाचा स्वस्त. केलेल्या निवडीवरून मागे जाऊन ही वजने शोधणाऱ्या शास्त्राला चॉइस मॉडेलिंग म्हणतात. वाहतुकीच्या नियोजनात ते वाढले. आज ऊर्जा आणि पर्यावरणाची धोरणे ठरवताना जगभर त्याचा आधार घेतला जातो, त्याचे अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण वर्ग चालतात.

कोकणाला हे शास्त्र शिकलेल्या माणसांची फार गरज आहे. दाभोळचा वीज प्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि मग बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, पश्चिम घाटातला संवेदनशील पट्टा, असे एकामागून एक मोठे प्रश्न गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या किनारपट्टीला विचारले गेले. बहुतेक वेळा ते एकाच साच्यात आले: हवे की नको? डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा निर्णय ग्रामसभेपासून वर यावेत असा तिचा आग्रह होता. पुढची चर्चा मात्र 'अहवालाच्या बाजूचे' आणि 'अहवालाच्या विरोधातले' अशा दोन रांगांत विभागली गेली. कशाच्या बदल्यात काय, किती काळ आणि कोणत्या अटीवर, हे मधले सगळे प्रश्न विचारायचे राहून गेले. ते विचारण्याची शिस्तशीर पद्धत उपलब्ध आहे, आणि ती शिकता येते.

या पद्धतीची मुळे १९२७ पर्यंत जातात. अमेरिकेत लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने त्या वर्षी तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. माणूस दोन गोष्टींतली एक निवडतो तेव्हा दर वेळी तीच निवडेल असे नसते, पण ज्या गोष्टीचे मनातले वजन जास्त, ती निवडली जाण्याची शक्यता जास्त. डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा विचारांना अर्थशास्त्राची पक्की बैठक दिली. प्रत्येक पर्यायाच्या गुणधर्मांना वजने द्यायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजांतल्या फरकावरून निवडीची शक्यता काढायची, असे त्यांचे लॉजिट प्रारूप सांगते. दोन पर्यायांच्या बेरजा सारख्या असतील तर निवड निम्मी-निम्मी होते. फरक १ असेल तर साधारण ७३ विरुद्ध २७, आणि २ असेल तर ८८ विरुद्ध १२.

ते कागदावरच राहिले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती 'बार्ट' ही नवी रेल्वे १९७२ मध्ये सुरू होणार होती. किती लोक ती वापरतील? अधिकृत अंदाज होता १५ टक्क्यांचा. बर्कलेमध्ये मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे सुरू होण्याआधीच प्रवाशांच्या तेव्हाच्या निवडी गोळा केल्या: मोटार की बस, वेळ किती, खर्च किती, थांब्यापर्यंत चालायचे किती. त्यावरून आकडा निघाला ६.३ टक्के. प्रत्यक्षात तो ६.२ भरला. या कामासाठी मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जेम्स हेकमन त्यांचे सहमानकरी होते.

रेल्वेचे निदान तिकीट तरी असते. स्वच्छ खाडीचे तिकीट कोणी फाडत नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. मासेमारीचे नुकसान मोजता येत होते. पण जे अमेरिकन नागरिक अलास्काला कधी जाणारही नव्हते, त्यांनाही त्या किनाऱ्याच्या नासाडीचे दुःख होते. त्याची भरपाई कशी मोजायची? रिचर्ड कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर घरोघरी मुलाखती घेतल्या: असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून एक योजना आखली, तर त्यासाठी अमुक इतका कर द्यायला तुम्ही तयार आहात का? उत्तरांवरून हे मूल्य किमान २.८ अब्ज डॉलर निघाले. त्यावर मोठा वाद झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९९३ मध्ये तिने अशा पाहणीचे नियम घालून दिले. मुलाखत समोरासमोर घ्या. प्रश्न मतदानासारखा, हो किंवा नाही असा ठेवा. हे पैसे तुमच्या घरखर्चातून जाणार आहेत, याची उत्तर देणाऱ्याला आठवण करून द्या.

महाराष्ट्रातही हा प्रयोग झाला आहे. नंदिनी हाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल मुंबईकरांना असाच प्रश्न विचारला आणि १९९७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उद्यान जपण्यासाठी एक कुटुंब पुढची पाच वर्षे दरमहा सरासरी साडेसात रुपये द्यायला तयार होते. रक्कम लहान दिसते, पण मुंबईतल्या एकूण घरांनी तिला गुणले की उद्यानाच्या बाजूने एक भक्कम आकडा उभा राहतो.

मात्र त्या साडेसात रुपयांत नक्की काय काय आले? बिबट्या, तुळशी-विहार तलावांचे पाणी, सकाळी फिरायला मिळणारी सावली की कान्हेरीची लेणी? एका प्रश्नातून एकच आकडा मिळतो. त्याचे घटक वेगळे होत नाहीत. ते वेगळे करण्याची वाट जॉर्डन लूव्हिएर आणि जॉर्ज वुडवर्थ यांनी १९८३ मध्ये दाखवली. माणसापुढे दोन-तीन पर्यायांचे कार्ड ठेवायचे. प्रत्येक पर्यायात तेच गुणधर्म, पण प्रमाण वेगवेगळे. त्याने एक निवडायचा, मग दुसरे कार्ड, मग तिसरे. एकही पर्याय सर्व बाजूंनी फायद्याचा नसतो, त्यामुळे दर वेळी काहीतरी सोडून काहीतरी घ्यावे लागते. आज चॉइस मॉडेलिंगच्या कोणत्याही प्रशिक्षणात या कार्डांचा भाग सर्वांत मोठा असतो.

बांद्याच्या एखाद्या घरासाठी असे कार्ड तयार करायचे ठरवले, तर काय काय शिकावे लागेल, ते पाहण्यासारखे आहे.

विषय घेऊ छपरावरच्या सौरविजेचा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत फेब्रुवारी २०२४ पासून १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. लक्ष्य आहे देशातल्या एक कोटी घरांचे. अनुदान सगळीकडे सारखे, छपरे मात्र सारखी नाहीत. तळकोकणातले जुने घर कौलारू, उतरत्या छपराचे, माडा-पोफळींच्या सावलीतले. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. पुण्या-नागपूरच्या सपाट गच्चीसाठी तयार केलेली प्रश्नावली इथे चालणार नाही.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणाची सुरुवात संगणकासमोर होत नाही. आठ-दहा माणसांना एकत्र बसवून त्यांचे बोलणे ऐकायला शिकवले जाते, आणि तेही पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. 'सौर घ्यायचे तर तुम्ही काय काय बघाल?' एवढाच प्रश्न. सरकारी कागदावर किंमत आणि बचत असे दोनच गुणधर्म असतात. इथल्या माणसांच्या तोंडून तिसरा निघेल: लाईट गेल्यावर ते चालणार का? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने जिल्ह्यातले खांब आणि तारा लोळवल्या, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. ज्या सौर संचाला बॅटरी नसते आणि जो महावितरणच्या तारांना जोडलेला असतो, तो वीज गेली की आपोआप बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून तशी सोयच केलेली असते. हे समजल्यावर अनेकांचे मत तिथेच बदलू शकते. चौथा गुणधर्म दुरुस्तीचा: बिघाड झाला तर माणूस सावंतवाडीहून येणार की कोल्हापूरहून, आणि किती दिवसांत? पाचवा सगळ्यांत कोकणी: घर सामायिक आहे. सात-बारावर आणि घरपत्रकावर चार भावांची नावे, त्यातले दोघे मुंबईत चाकरमानी. छपराला हात लावायचा तर संमती कोणाची?

असे पाच गुणधर्म हाती आले आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या ठरवल्या, तर २४३ वेगवेगळे संच तयार होतात. त्यांच्या जोड्या होतात २९,४०३. एवढी कार्डे कोण बघणार? एका माणसाला आठ-दहा कार्डांपलीकडे विचारले की तो कंटाळतो आणि डोळे झाकून बोट ठेवू लागतो. थोड्या जोड्या निवडून सगळ्याची माहिती काढण्याचे तंत्र म्हणजे प्रयोग-आराखडा, आणि त्याच्या पायाभरणीत भारतीय डोकी मोठी आहेत. सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ऑर्थोगोनल ॲरे या रचना आजही त्यासाठी वापरल्या जातात. कोणत्या घरांना विचारायचे, हे नमुना-निवडीचे शास्त्र वाढवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचे नाव जगभर घेतले जाते. घरोघरी जाऊन धोरणाचा हिशेब मांडण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी करून १९४८ मध्ये ती प्रसिद्ध केली होती.

कार्डांची उत्तरे आली की वजने काढायची. समजा, हिशेबात असे निघाले की किंमत एक हजार रुपयांनी वाढली की पर्यायाची बेरीज ०.०५ ने घटते, आणि वीज गेल्यावर मिळणारा प्रत्येक तासाचा दिलासा ती ०.२० ने वाढवतो. एकाला दुसऱ्याने भागले की ४ येतात, म्हणजे एका तासाच्या दिलाशासाठी हे घर चार हजार रुपये जादा मोजायला तयार आहे. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण खरा अभ्यास झाला तर निष्कर्ष याच स्वरूपात येईल आणि धोरण आखणाऱ्याला तो थेट वापरता येईल. अनुदान पॅनेलवर द्यावे की बॅटरीवर? तालुक्याला एक दुरुस्ती-केंद्र काढले तर किती हजारांच्या अनुदानाएवढा परिणाम होईल? या प्रश्नांना मग अंदाजपंचे उत्तर द्यावे लागत नाही.

सौरऊर्जेपेक्षाही अवघड प्रश्न स्वयंपाकघरात आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा भर गॅस-जोडणी देण्यावर होता. जोडणी मिळाल्यावर सिलिंडर पुन्हा भरून आणणे अनेक घरांना जड जाते, हे पुढे दिसले आणि २०२२ मध्ये प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपये, तर २०२३ मध्ये ३०० रुपये अनुदान देणे आले. जोडणी आणि भरणा हे दोन वेगळे गुणधर्म आहेत आणि त्यांची वजने वेगळी आहेत, हे आधी मोजता आले असते. कोकणात त्यात आणखी एक गाठ आहे. गॅस आला म्हणून चूल जात नाही. चहा आणि सकाळची घाई गॅसवर, उकड्या तांदळाची पेज चुलीवर, आंघोळीचे पाणी न्हाणीतल्या हंड्याखाली. त्या हंड्याखाली जळतात ती सोडणे, करवंट्या आणि चुडते. माडाच्या बागेत ती फुकट पडलेली असतात. त्यांच्याशी कोणत्याही सिलिंडरला किमतीत स्पर्धा करता येत नाही.

शिवाय गोबर गॅस आहेच. कुडाळ तालुक्यातल्या झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने जिल्ह्यात हजारो बायोगॅस संयंत्रे उभी केली. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. गोठ्यात गुरे किती, शेण कालवायचे कोणी, संयंत्रातून निघणारी स्लरी बागेला घालायची की नाही, या सगळ्यावर त्याची निवड ठरते. चुलीच्या धुरात बसते ती बाई आणि सिलिंडरचे पैसे देतो तो पुरुष, असे असेल तर कार्ड कोणाच्या हाती दिले यावर वजने बदलतील.

'तीनपैकी एक निवडा' असे विचारणारे साधे प्रारूप अशा घरापुढे थिटे पडते, कारण हे घर तिन्ही निवडते, कमी-अधिक प्रमाणात. यावर उपाय शोधणाऱ्यांत एक महत्त्वाचे नाव आहे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवणारे चंद्रा भट. अनेक पर्याय एकाच वेळी आणि वेगवेगळ्या प्रमाणात वापरणाऱ्या माणसांसाठी त्यांनी २००५ मध्ये एक प्रारूप मांडले. ते वेळेच्या वापरासारख्या प्रश्नांसाठी घडले, पण चूल, सिलिंडर आणि गोबर गॅस एकत्र नांदणाऱ्या घरालाही चपखल बसते.

प्रशिक्षणाचा पुढचा टप्पा फसगती ओळखण्याचा असतो. पहिली फसगत जुळ्या पर्यायांची. बांदा ते कुडाळ निम्मे लोक दुचाकीने आणि निम्मे लाल एसटीने जातात असे धरा. उद्या तीच एसटी निळ्या रंगात रंगवून दुसरी गाडी सोडली, तर साधे लॉजिट प्रारूप दुचाकी, लाल गाडी आणि निळी गाडी यांना एक-एक तृतीयांश प्रवासी देऊन मोकळे होते. रंग बघून कोणी दुचाकी सोडत नाही. अशा चुकांसाठी सारख्या पर्यायांचे गट पाडणारी नेस्टेड लॉजिटसारखी प्रारूपे शिकावी लागतात.

दुसरी फसगत सरासरीची. मालवणच्या समुद्रातल्या संरक्षित पट्ट्याबद्दल विचारले तर रापणकर, यांत्रिक नौकेचा मालक आणि पर्यटकांना स्कूबासाठी नेणारा तरुण यांची उत्तरे वेगळी येणार. तिघांची सरासरी काढली तर असा एक माणूस तयार होतो, जो किनाऱ्यावर कुठेच राहत नाही. मिक्स्ड लॉजिट हे प्रारूप वजने माणसागणिक कशी बदलतात ते दाखवते, तर लेटंट क्लास वेगवेगळे गट ओळखून प्रत्येकाची वजने स्वतंत्र काढते. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासूनचा स्थानिकांचा विरोध समजून घ्यायलाही अशी विभागणी उपयोगी पडेल.

तिसरी फसगत बोलण्याची. कार्डावर पैसे मोजायला माणूस सैल असतो, खिशातून काढताना नसतो. पाहुणचाराच्या संस्कारामुळे समोरच्या मुलाखतकाराला बरे वाटावे म्हणूनही 'होय' म्हटले जाते. म्हणून जिथे जमेल तिथे कार्डावरची उत्तरे प्रत्यक्ष खरेदीशी ताडून पाहतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांना पुस्तकी मराठीऐवजी मालवणीत, घाई न करता विचारायला शिकवतात.

आणि काही गोष्टी कार्डावर ठेवायच्याच नसतात. सिंधुदुर्गात गावोगावी देवराया आहेत. देवाच्या राईतले झाड तोडायला किती भरपाई घ्याल, असे विचारले तर उठून जाणारा माणूस मिळेल, आकडा मिळणार नाही. अशा उत्तरांना विरोधी शून्य समजून वेगळे ठेवले जाते, पण त्यांना शून्य किंमत मानणे ही घोडचूक होते. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो नकार अधिक पैसे देऊन विकत घेता येण्याजोगा नव्हता. चॉइस मॉडेलिंग लोकांच्या पसंतीचे बारकावे दाखवते; लोकांच्या संमतीची जागा ते घेऊ शकत नाही. हे ज्या वर्गात स्पष्ट सांगितले जात नाही, तो वर्ग अपुरा आहे.

शिकण्याची साधने आता हाताशी आहेत. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाचे चॉइस मॉडेलिंग सेंटर आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानची ईपीएफएल ही या विद्येची मोठी केंद्रे. लीड्सच्या स्टेफान हेस आणि डेव्हिड पाल्मा यांचे 'अपोलो' आणि ईपीएफएलच्या मिशेल बिएर्लेर यांचे 'बायोजीम' ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. केनेथ ट्रेन यांनी आपले प्रमाणभूत पाठ्यपुस्तक संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले आहे. दक्षिण आशियातल्या तरुण संशोधकांना पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकवण्याचे काम 'सँडी' ही काठमांडूची संशोधन-जाळी १९९९ पासून करते. आपल्याकडे लॉजिटचे धडे आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत वाहतूक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मिळतात. पर्यावरण, कृषी आणि मत्स्य शाखांच्या वर्गांतही ते यायला हवेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात, सावंतवाडी-कुडाळच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणारी मुले हे काम करू शकतील. गावात त्यांची ओळख असते, भाषा त्यांची असते, आणि सोडणे-चुडते हे इंधन आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

पहिल्या अभ्यासासाठी बांदा परिसरात विषयांची वाण नाही. पावसाळ्यात तेरेखोलचे पाणी बाजारपेठेत शिरते. दुकानदारांना पूर-इशारा हवा, विमा हवा की नदीतला गाळ काढलेला हवा? दोडामार्ग-तिलारी पट्ट्यात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. बागायतदाराला लवकर मिळणारी थोडी भरपाई बरी वाटते, उशिरा मिळणारी पूर्ण, की कुंपण? आणि छपरावरच्या सौरविजेचा प्रश्न आहेच. त्याच्या मुलाखती चतुर्थीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ठेवाव्या लागतील. सामायिक घराचे मुंबईकर हिस्सेदार तेव्हाच गावात असतात, आणि त्यांच्याशिवाय भरलेले कार्ड त्या घराचा निर्णय सांगत नाही.